सुटा नोड (ग्राफ डेटाबेस)

ग्राफ डेटाबेसमधील ज्या नोडला दुसऱ्या एकाही नोडशी जोडणारा संबंध नोंदलेला नसतो, त्याला सुटा किंवा एकाकी नोड म्हणतात. सिडकोने नवी मुंबईची आखणीच 14 नोडांमध्ये केल्यामुळे ऐरोली-वाशीच्या वाचकाला हा शब्द वसाहतीच्या अर्थाने परिचित आहे. येथे मात्र नोड म्हणजे माहितीतील एखादी वस्तू आणि संबंध म्हणजे अशा दोन वस्तूंमधील दुवा.

ठाणे–वाशी ट्रान्सहार्बर मार्गाचा ग्राफ केला, तर प्रत्येक स्थानक हा नोड आणि लगतच्या दोन स्थानकांमधील लोहमार्ग हा संबंध होतो. स्थानकांच्या यादीत ‘कोपरखैरणे’ आणि मार्गांच्या यादीत ‘कोपर खैरणे’ असे लिहिले गेले असेल, तर आधीचे नोड नावावरून शोधून त्यांना जोडणाऱ्या सायफर (ग्राफ डेटाबेसची प्रश्नभाषा) आदेशाला जुळणारे काही सापडत नाही, संबंध तयार होत नाही आणि त्रुटीचा संदेशही येत नाही. दोन अक्षरांमधल्या एका मोकळ्या जागेने कोपरखैरणे सुटे पडते आणि घणसोली ते तुर्भे मार्ग तुटतो. सुटे नोड वेळोवेळी शोधायचे ते मुख्यतः अशा मूक चुकांसाठी.

सायफर वापरणाऱ्या निओफोरजे (Neo4j) या ग्राफ डेटाबेसमध्ये हा शोध एका ओळीत मावतो: सर्व नोड घ्यायचे आणि ज्यांना कोणत्याही दिशेने एकही संबंध लागलेला नाही, तेवढेच ठेवायचे. येथे दिशा न सांगणेच योग्य, कारण संबंध ठाण्याकडून वाशीकडे नोंदलेले असताना केवळ बाहेर जाणारे संबंध पाहिले, तर वाशीही विनाकारण सुटी ठरते. फक्त स्वतःशीच जोडलेला नोड मात्र या चाळणीतून निसटतो.

याहून फसवा प्रकार सुट्या गटाचा. नोव्हेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या बेलापूर–पेंधर मेट्रोची 11 स्थानके परस्परांशी जोडलेली आहेत. पण बेलापूरच्या रेल्वे स्थानकापासून मेट्रोपर्यंतची पायवाट नोंदायची राहिली, तर एकही नोड सुटा नसताना अख्खी मेट्रो उरलेल्या ग्राफपासून वेगळी पडते. त्यासाठी जोडलेले गट मोजणारी स्वतंत्र पद्धत वापरावी लागते.

सापडलेला प्रत्येक सुटा नोड चुकीचा असतोच असे नाही. जानेवारी 2024 पूर्वी दिघा गाव येथे गाडी थांबत नव्हती, त्यामुळे तोवर त्या स्थानकाचा नोड सुटा असणे हेच वस्तुस्थितीला धरून होते. सरसकट पुसण्याआधी यादी डोळ्यांखालून घालणे म्हणूनच आवश्यक आहे: संबंध शिल्लक असलेला नोड साध्या आदेशाने पुसायला निओफोरजे नकार देते, सुट्या नोडाला मात्र ते संरक्षण मिळत नाही.