अमेरिकी उद्यानांवरील इंग्लिश प्रभाव

मोकळी हिरवळ, वळणावळणाची वाट, झाडांचे पुंजके आणि पाणी यांतून रानासारखा देखावा उभा करणारी इंग्लिश उद्यानशैली अठराव्या शतकात अमेरिकेत रुजली. रान दिसायचे, पण त्यातले काहीही आपोआप उगवलेले नसायचे.

१७८६ च्या एप्रिलमध्ये, पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या टॉमस जेफरसन आणि जॉन ॲडम्स यांनी स्टो, ब्लेनहाइम आदी इंग्लिश उद्याने पाहिली. टॉमस व्हेटलीचे उद्यानकलेवरील पुस्तक हाती घेऊन जेफरसन वर्णन आणि प्रत्यक्ष ताडून पाहत हिंडला. अशी बाग करायला आणि राखायला किती खर्च येतो, याचीही चौकशी त्याने केली. व्हर्जिनियातील मॉन्टिसेलो या आपल्या मळ्यावर हे उतरवताना मात्र ऊन आडवे आले. इंग्लंडच्या ढगाळ हवेत उघडे मैदान शोभते. व्हर्जिनियाच्या माथ्यावरच्या उन्हात सावली हाच स्वर्ग, असे त्याने १८०६ मध्ये एका पत्रात लिहिले. तोडगाही सांगितला : उंच झाडे लावावीत आणि झाड तगेल इतपत खालच्या फांद्या उतरवाव्यात. वर छाया, खाली नजर मोकळी.

जॉर्ज वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्नन या मळ्यावर ‘हा-हा’ ही खास इंग्लिश युक्ती आहे. चराच्या एका बाजूला बांधलेली ही भिंत घरातून दिसतच नाही. हिरवळ कुरणापर्यंत अखंड वाटते, गुरे मात्र पलीकडेच राहतात.

ही देवघेव एकतर्फी नव्हती. फिलाडेल्फियाजवळचा शेतकरी जॉन बार्ट्रम १७३० च्या दशकापासून लंडनचा कापडव्यापारी पीटर कॉलिन्सन याला अमेरिकी झाडाझुडपांच्या बियांच्या पेट्या धाडत होता. जेफरसनने वाखाणलेल्या शैलीला रंगरूप देण्यात या झाडाझुडपांचाही हात होता.

एकोणिसाव्या शतकात उद्यानरचनाकार अँड्र्यू जॅक्सन डाउनिंगने उद्यानरचनेवरील १८४१ च्या ग्रंथातून ही शैली मध्यमवर्गीय घरांच्या अंगणापर्यंत नेली. पुढे उद्यानरचनाकार म्हणून गाजलेल्या फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेडने १८५० मध्ये इंग्लंडमध्ये लिव्हरपूलसमोरचे बर्कनहेड पार्क हे सार्वजनिक उद्यान पाहिले. सर्व थरांतले लोक तिथे सारख्याच हक्काने फिरत होते. लोकशाहीवादी अमेरिकेत असे काही नाही, याचे त्याला नवल वाटले. १८५८ मध्ये त्याने आणि मूळ इंग्लिश वास्तुकार कॅल्व्हर्ट व्हॉक्स याने न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा आराखडा केला.

घरापुढची हिरवळ हा या वारशाचा सर्वांत चिवट भाग. तिथले लोकप्रिय गवत ‘केंटकी ब्लूग्रास’ नावाने अस्सल अमेरिकी, पण वसाहतकारांबरोबर युरोपातून आलेले मानले जाते. कडक उन्हाळ्यात पाणी तोडले की ते पिवळे पडते.