मासे सोडणं वेगळं, माशांना वाट देणं वेगळं

"दरसाल धरणात मासे सोडतात, मग नदीतली मासोळी कमी कशी झाली?" हा प्रश्न मला भंडाऱ्याकडच्या गावांत नेहमी ऐकू येतो. इथे दोन कामांची गल्लत होते.

पहिलं काम मत्स्यबीज, म्हणजे माशांची लहान पिल्लं, सोडण्याचं. रोहू, कटला, मृगळ हे मासे पावसाळ्यात वाहत्या पाण्यात अंडी घालतात, तळ्याच्या साचलेल्या पाण्यात घालत नाहीत. १९५७ साली मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरी यांनी पियूषिका ग्रंथीचा अर्क टोचून त्यांच्याकडून अंडी घालून घेतली, तेव्हापासून बीज केंद्रात तयार होऊ लागलं. ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांतून बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, येते. पिशवी आधी पाण्यावर तरंगत ठेवतात आणि आतल्या-बाहेरच्या पाण्याचं तापमान सारखं झालं की तोंड सोडतात. मासेमारीवर जगणाऱ्या ढिवर कुटुंबांची चूल यावर पेटते, म्हणून हे काम हवंच. पण हा तळ्यातला पेरा आहे, दरवर्षी नव्याने करावा लागणारा.

नदीचा मासा अंडी घालायला स्वतःच प्रवाहाविरुद्ध चढतो. पहिल्या पुरात आमच्या नाल्यावरच्या सिमेंट बंधाऱ्याखाली उभं राहून पाहिलंय: बोटभर पाण्याचा पातळ पडदा, त्यावर हातभर लांब मासा उसळतो, काँक्रीटवर आपटतो, खाली पडतो, पुन्हा उसळतो. पोट अंड्यांनी फुगलेलं. शेजारी उभे असलेले ढिवरकाका म्हणाले, "चढू रायली बिचारी, पन जाईन कुठं?" त्याच जागी जाळी लावून माणसं उभी असतात, तेही पाहवत नाही.

दुसरं काम या माशासाठी आहे: त्याला वर जायला वाट देणं. मत्स्यसोपान म्हणजे पायरीपायरीने चढत जाणारे छोटे हौद. मासा एकातून दुसऱ्यात जातो, मध्ये दम घेतो. सोपानाच्या खालच्या तोंडाशी पाण्याची धार जोरकस नसेल तर त्याला वाट सापडतच नाही. अमेरिकेतल्या सॅल्मन माशासाठी बांधलेला जिना जशाचा तसा आणून आपल्या माशांना चालेलच असं नाही. वाट बंद झाल्याची किंमत गंगेत दिसते. पश्चिम बंगालमधला फरक्का बंधारा १९७५ साली सुरू झाला आणि समुद्रातून अलाहाबादपर्यंत चढणारी हिलसा मासोळी वरच्या गंगेतून जवळजवळ नाहीशी झाली.

गोसेखुर्दसारख्या मोठ्या धरणावर वाट काढणं अवघड आणि खर्चाचं आहे. मला वाटतं, सुरुवात लहान बंधाऱ्यांपासून व्हावी. कोल्हापुरी बंधाऱ्याच्या पाणी अडवणाऱ्या फळ्या पावसाआधी वेळेवर काढल्या तरी मासा सरळ वर जातो. सिमेंट बंधाऱ्याला फळ्याच नसतात. तिथे खालच्या अंगाला मोठे दगड रचून लांब, खडबडीत उतार करावा लागेल आणि चढणीच्या दिवसांत तिथली जाळी उचलावी लागतील.