स्वयंप्रयोगी जीवशास्त्र : नैतिक देखरेख

विद्यापीठ किंवा औषधकंपनीच्या बाहेर, घरी, गॅरेजमध्ये अथवा वर्गणीवर चालणाऱ्या सामुदायिक प्रयोगशाळेत केलेल्या जीवशास्त्रीय प्रयोगांना स्वयंप्रयोगी जीवशास्त्र म्हणतात. ‘बायोहॅकिंग’ हे त्याचे अधिक रुळलेले नाव. २००८ मध्ये अमेरिकेत बॉस्टनलगतच्या केंब्रिज येथे अशा प्रयोगकर्त्यांचे ‘डीआयवायबायो’ हे जाळे उभे राहिले आणि या हौशी मंडळींवर लक्ष कोणी ठेवायचे, हा प्रश्न पुढे आला.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेची १९७६ पासूनची जनुकीय संशोधनविषयक मार्गदर्शक तत्त्वे सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थांवर बंधनकारक आहेत. पदरच्या पैशाने प्रयोग करणारा त्यांतून सहज सुटतो. जर्मनीत असे होत नाही. तेथे परवानाप्राप्त प्रयोगशाळेबाहेर जनुकीय फेरफार करणे हेच बेकायदा असून त्याला पन्नास हजार युरोपर्यंत दंड, आणि फेरफार केलेले जीव बाहेर सोडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. २०१७ मध्ये बव्हेरियात तपासलेल्या काही अमेरिकी प्रयोगसंचांत निरुपद्रवी जिवाणूंऐवजी रोगकारक जिवाणू सापडले, तेव्हा ही कडक भूमिका अगदीच अनाठायी वाटली नाही. भारतातील जनुकीय फेरफारविषयक १९८९ च्या नियमावलीत परवानगीची पहिली पायरी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची आहे. घरी प्रयोग करणाऱ्याने ती आणायची कुठून?

अति संशयाचेही उदाहरण आहे. २००४ मध्ये बफेलो येथील कलावंत स्टीव्ह कर्ट्झ यांच्या घरी निरुपद्रवी जिवाणू आढळल्यावरून जैविक दहशतवादाचा तपास सुरू झाला. अखेर टपाल-फसवणुकीसारखे आरोप उरले आणि तेही २००८ मध्ये न्यायालयाने फेटाळले. पुढे एफबीआयने या गटांशी संवादाची वाट धरली.

२०११ मध्ये युरोप व उत्तर अमेरिकेतील गटांनी स्वतःच आचारसंहिता लिहिल्या. पारदर्शकता, सुरक्षितता, शांततामय हेतू ही कलमे अपेक्षितच होती. युरोपीय संहितेतले विनम्रतेचे कलम मात्र वेगळे आहे. आपल्याला सगळेच कळत नाही याची जाण ठेवा, असे ते सांगते. या संहिता मोडणाऱ्यास शिक्षा नाही. प्रत्यक्ष शिस्त लावतात त्या ब्रुकलिनच्या ‘जेनस्पेस’सारख्या प्रयोगशाळा, कारण तेथे शेजारच्या टेबलावरचा माणूस पाहत असतो.

स्वतःच्या शरीरावरील प्रयोगांपुढे हे सारे लंगडे पडते. २०१७ मध्ये अमेरिकी बायोहॅकर जोसाया झेनर यांनी सॅन फ्रान्सिस्कोत प्रेक्षकांसमोर स्वतःला क्रिस्पर, म्हणजे जनुके कापून बदलण्याचे साधन, टोचून घेतले. या प्रदर्शनाबद्दल पुढे त्यांनीच खेद व्यक्त केला. त्याच वर्षी अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने स्वतःवर वापरण्याच्या जनुकोपचार संचांची विक्री बेकायदा असल्याचे बजावले. कॅलिफोर्नियात २०२० पासून जनुकोपचार संच विकताना ‘स्वतःवर वापरासाठी नाही’ अशी ठळक सूचना देणे विक्रेत्याला भाग आहे. विकत घेणाऱ्याच्या हाताला हा कायदा शिवत नाही.