साप्ताहिक किंवा मासिक काढायचंय? नोंदणीला एजंट नको, कागद एकसारखे हवेत

तालुक्याच्या गावी साप्ताहिक काढायचं म्हटलं की पहिला सल्ला मिळतो, 'दिल्लीत ओळख असलेला माणूस गाठा.' हा सल्ला आता मोडीत काढायला हरकत नाही. 1867 चा इंग्रजी अमदानीतला कायदा जाऊन 1 मार्च 2024 पासून 'प्रेस अँड रजिस्ट्रेशन ऑफ पीरियॉडिकल्स ॲक्ट, 2023' लागू झाला आहे. पूर्वी आधी शीर्षक मिळवायचं, मग दंडाधिकाऱ्यांपुढे घोषणापत्र करायचं, मग अंक छापून नोंदणीला पाठवायचा, असे हेलपाटे होते. आता शीर्षक आणि नोंदणी एकाच ऑनलाइन अर्जात होते. हा अर्ज प्रेस सेवा पोर्टलवर करायचा. आपण ज्याला आरएनआय म्हणत आलो, ते कार्यालय आता प्रेस रजिस्ट्रार जनरल ऑफ इंडिया, म्हणजे पीआरजीआय, या नावाने ओळखलं जातं.

ही नोंदणी फक्त छापील नियतकालिकांची आहे. ठरावीक काळाने निघणारं आणि सार्वजनिक घडामोडींच्या बातम्या किंवा त्यांवरचं भाष्य देणारं प्रकाशन यात येतं. पुस्तकं नव्या कायद्यातून वगळली आहेत, तसंच शास्त्रीय आणि शैक्षणिक संशोधनाची नियतकालिकंही. दहशतवादी कृत्य किंवा बेकायदेशीर कारवायांच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या व्यक्तीला नियतकालिक काढता येत नाही. बातम्यांच्या छापील माध्यमात परकीय गुंतवणूक 26 टक्क्यांपर्यंतच चालते आणि तीही सरकारची मंजुरी घेऊन.

सगळ्यात जास्त अर्ज अडखळतात ते नावापाशी. नियम असा, की त्याच भाषेत भारतात कुठेही, किंवा त्याच राज्यात कुठल्याही भाषेत, तेच किंवा त्याच्याशी मिळतंजुळतं शीर्षक आधी नोंदलेलं नसावं. म्हणजे पणजीत मराठी साप्ताहिकाने घेतलेलं नाव नाशिकला मराठीत मिळणार नाही, आणि नागपुरात हिंदी दैनिकाने घेतलेलं नाव महाराष्ट्रात मराठीलाही बंद. 'लोक', 'जन', 'वार्ता', 'टाइम्स' यांची जोडाजोड करून बनणारी बहुतेक नावं केव्हाच गेलेली आहेत. पुढे 'दैनिक' किंवा गावाचं नाव लावलं म्हणून शीर्षक वेगळं ठरेल, या भरवशावर राहू नका. पसंतीक्रमाने एकाहून जास्त नावं द्यायची असतात. त्यातली दोन-तीन तरी खास तुमच्या भागातली शोधा. एखादी नदी, डोंगर, बोलीतला शब्द. राष्ट्रीय चिन्हं, शासकीय संस्था यांच्याशी संबंध सुचवणारी नावं 1950 च्या बोधचिन्हे व नावे कायद्यामुळे बाद होतात. शीर्षक मिळण्याची शक्यता किती, याचा अंदाज पोर्टलवर दिसतो. तो पाहिल्याशिवाय पाट्या रंगवायला आणि लेटरहेड छापायला देऊ नका.

आता कागद. मालक, प्रकाशक, मुद्रक आणि संपादक या कायद्याच्या नजरेत चार वेगळ्या भूमिका आहेत, जरी त्यातल्या तीन एकच माणूस निभावत असला तरी. मालक आणि प्रकाशकाचं आधार, पॅन, प्रकाशन कार्यालयाच्या पत्त्याचा पुरावा हे हाताशी ठेवा. मालक कंपनी, न्यास किंवा संस्था असेल तर तिची नोंदणीची कागदपत्रं आणि प्रकाशक नेमल्याचा ठराव. छापखाना स्वतःचा नसेल तर छापखानावाल्याशी केलेला करार. त्या छापखान्याची माहितीही पोर्टलवर असायला हवी. त्यासाठी छापखान्याच्या मालकाला आता दंडाधिकाऱ्यांपुढे उभं राहावं लागत नाही, ऑनलाइन कळवलं की झालं.

खरी गोम कागद गोळा करण्यात नाही, ते जुळण्यात आहे. आधारवर 'दत्तात्रय', पॅनवर 'दत्तात्रेय' आणि करारात 'दत्ता' असं असेल, किंवा भाडेकरारात घर क्रमांक आहे आणि वीजबिलात फक्त गल्ली, तर शंका निघणारच. म्हणून आधी नावं-पत्ते दुरुस्त करून घ्या आणि मगच अर्जाला बसा. चार दिवस जास्त जातील, पण पुढचे महिने वाचतील.

अर्जावर आधारद्वारे ई-सही होते आणि शुल्कही ऑनलाइन भरता येतं. अर्ज पीआरजीआयकडे जातो, तसाच जिल्हाधिकारी किंवा सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडेही. त्यांनी 60 दिवसांत ना हरकत किंवा आपलं म्हणणं कळवायचं असतं; मुदत उलटली तर पीआरजीआय निर्णय घेऊ शकतं. 6 जानेवारीला, 'दर्पण'च्या स्मरणाने पाळल्या जाणाऱ्या पत्रकार दिनी पहिला अंक काढायची आपल्याकडे अनेकांची हौस असते. तसं करायचं असेल तर अर्ज ऑक्टोबरातच गेला पाहिजे. मंजुरीनंतर क्यूआर कोड असलेलं डिजिटल प्रमाणपत्र मिळतं.

प्रमाणपत्र मिळालं म्हणजे काम संपलं नाही. मालक-मुद्रक-प्रकाशकांची, कुठे छापलं-कुठे प्रसिद्ध केलं ही ओळ प्रत्येक अंकात हवी, आणि ती प्रमाणपत्राशी तंतोतंत जुळणारी. दरवर्षी वार्षिक विवरण भरायचं. ते चुकवलं तर पहिल्या वेळी 20,000 रुपयांपर्यंत दंड. नोंदणीशिवाय नियतकालिक काढलं तर 5 लाखांपर्यंत. अंक सलग निघत नसेल किंवा माहिती खोटी दिली असेल तर नोंदणी स्थगित होऊ शकते. अशा निर्णयाविरुद्ध 60 दिवसांत अपील करता येतं. अपील मंडळाचे प्रमुख भारतीय प्रेस परिषदेचे अध्यक्ष असतात.

आणि बातम्यांचं संकेतस्थळ किंवा यूट्यूब चॅनेल चालवणाऱ्यांसाठी, कारण फसवणूक इथेच फार होते. बातम्यांच्या संकेतस्थळाला पीआरजीआयचा क्रमांक मिळतच नाही. 'आरएनआय नोंदणी आणि प्रेस कार्ड' असं पॅकेज विकणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. हे कार्यालय कुणाला प्रेस कार्ड देत नाही. अधिस्वीकृती, म्हणजे पत्रकार म्हणून मिळणारी सरकारी मान्यता, हा वेगळाच विषय. महाराष्ट्रात ती राज्याचं माहिती व जनसंपर्क महासंचालनालय देतं. डिजिटल बातम्यांना 2021 चे आयटी नियम लागू आहेत. व्यवसाय म्हणून नियमित बातम्या देत असाल तर काम सुरू केल्यापासून 30 दिवसांत माहिती व प्रसारण मंत्रालयाला आपली माहिती कळवायची. हे फक्त कळवणं आहे, परवाना नव्हे. छापील अंकाची हुबेहूब ई-प्रत यातून वगळली आहे. याच नियमांतल्या आचारसंहिता पाळण्याच्या सक्तीला मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2021 मध्ये अंतरिम स्थगिती दिली, पण माहिती कळवण्याच्या तरतुदीला ती स्थगिती नव्हती. तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क संकेतस्थळावर ठळक द्या. नियमांप्रमाणे तक्रारीची पोच 24 तासांत आणि निर्णय 15 दिवसांत द्यायचा असतो.