आयसोलेटर म्हणजे चार्जर नव्हे

पावसाळा सरला की गुहागर-दापोलीकडे कॅम्पर व्हॅन यायला लागतात आणि दर हंगामात तेच कानावर येतं : "आयसोलेटर लावलाय, गाडी चालली की दोन्ही बॅटऱ्या फुल!" आयसोलेटर म्हणजे गाडीतल्या पुढच्या-मागच्या दोन बॅटऱ्या जोडणारं-तोडणारं उपकरण. दोन दिवसांनी त्याच गाडीतला फ्रिज बंद पडतो आणि बॅटरीवाल्याचा उद्धार सुरू होतो. बिचाऱ्या बॅटरीचा बहुतेक वेळा काही दोष नसतो.

इंजिनाची बॅटरी सगळ्यांना ठाऊक आहे. सेल्फ मारताना ती क्षणभर शेकडो ॲम्पिअर देते, तेवढं अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणारं यंत्र, लगेच भरून काढतो. मागची बॅटरी फ्रिज, दिवे आणि पाण्याच्या पंपाची. ती घरातल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीच्या जातीची, तासन्तास थोडं थोडं देणारी. एकीच्या जागी दुसरी लावू नये, एवढं पुरे.

घोळ आहे तो दोघींच्या मध्ये. आयसोलेटर हा एक रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच आहे. व्होल्टेज साधारण १३.३ वर गेलं की तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो, १२.८ च्या आसपास उतरलं की तोडतो. रात्री मागचे दिवे जळून सकाळी सेल्फ लागेनासा होऊ नये, एवढ्यासाठी तो असतो आणि ते काम चोख करतो. पण व्होल्टेज वाढवणं त्याच्या हातात नाही. ते काम डीसी-डीसी चार्जरचं. तो पुढून येईल ते व्होल्टेज घेऊन मागच्या बॅटरीला लागेल तेवढं करून देतो : लेड-ॲसिडला आधी १४.४ च्या आसपास, भरत आली की साडेतेराच्या आसपास.

एवढ्याशा फरकाने काय होतं ते आकड्यांत बघा. अल्टरनेटर १४.२ देतोय, बॅटरी पाच मीटर मागे आहे, वायर ६ चौरस मिलिमीटरची. जाऊन-येऊन दहा मीटर तांब्यातून ३० ॲम्पिअर न्यायचे तर ०.९ व्होल्ट वायरीतच जातात. मागे उरतात १३.३. एवढ्यावर लेड-ॲसिड बॅटरी फारसा करंट ओढत नाही, चार्जिंग रेंगाळतं. शेवटचे वीस टक्के भरायला तर चांगल्या चार्जरलाही काही तास लागतात. गुहागरहून धोपावे-दाभोळच्या फेरीबोटीने दापोली गाठताना इंजिन चालतं किती? बोटीवर तर बंदच. रोज अशी अर्धपोटी राहिलेली बॅटरी सल्फेट धरते, म्हणजे तिच्या प्लेटांवर सल्फेटचा थर बसतो, आणि मरते. शिवाय काही बीएस-६ गाड्यांचा अल्टरनेटर पुढची बॅटरी भरली की व्होल्टेज मुद्दाम खाली आणतो. मग रिले सुटतो आणि मागे काहीच जात नाही.

लिथियम बॅटरीचं उलटं. ती इतका करंट ओढते की आंबा घाटासारख्या चढणीला, वारा कमी असताना, अल्टरनेटर तापून निघतो. रिले तिला अडवत नाही, चार्जर मात्र ३० ॲम्पिअरचा असेल तर तेवढ्यावरच थांबवतो. इंजिन बंद केल्यावरही भरलेली लिथियम १३.३ च्या आसपास राहते, त्यामुळे रिलेला सुटायची घाई नसते आणि दोन्ही बॅटऱ्या जोडलेल्याच राहतात. लिथियमला नुसता रिले लावायला मी कुणालाच सांगणार नाही.

'बॅटरी भरतोय' म्हणून रात्री किनाऱ्यावर इंजिन चालू ठेवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. आयडलला अल्टरनेटर जेमतेम देतो आणि धूर मात्र शेजारच्या पडवीत शिरतो. होमस्टेच्या मालकाला विचारा, प्लग मागा, विजेचे पैसे द्या.

त्या प्लगचाही एक गैरसमज आहे. बहुतेक गाड्यांत त्यावरचा चार्जर मागच्या बॅटरीलाच जोडलेला असतो. पावसाळाभर गाडी शेडमध्ये राहिली तर अलार्म आणि ट्रॅकर इंजिनाची बॅटरी उतरवतात, मागची टुणटुणीत असली तरी. पुढचीला वेगळा छोटा मेन्टेनन्स चार्जर लावा. सोलर हवा तर उन्हात गाडी लावायची तयारी ठेवा, सुपारीच्या बागेत पॅनेलचा भरवसा धरू नका. आणि खाऱ्या वाऱ्यात लग, म्हणजे वायरींच्या टोकांची धातूची जोडणी, हिरवे पडतात, ते दर हंगामाआधी घासून त्यांवर व्हॅसलीन लावा.