तुमची बॅटरी पाणी का पिते?

"बॅटरी नवीन आहे, मग पाणी कसं संपलं?" नाना पेठेतल्या आमच्या काउंटरवर मे महिन्यात हा प्रश्न रोज येतो. विचारणाऱ्याच्या मनात खरं तर वेगळंच असतं: माल खराब दिला का? म्हणून हे पत्रक. माल चांगला आहे. पाणी संपतं ते अँटिमनी नावाच्या मूलद्रव्यामुळे.

इन्व्हर्टरच्या ट्युब्युलर बॅटरीत शिसं असतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण नुसतं शिसं इतकं मऊ, की नखाने ओरखडा उठतो. बॅटरीतल्या प्लेटचा सांगाडा नुसत्या शिशाचा केला तर तो स्वतःच्याच वजनाने वाकेल. अँटिमनी त्याच्या उलट. रुपेरी, चमकदार, आणि हातोडीचा एक घाव बसला की चुरा. अणुक्रमांक 51, साधारण 630 अंश सेल्सिअसला वितळतं. हे ठिसूळ अँटिमनी थोडंसं शिशात मिसळलं की शिसं कडक होतं आणि ओतताना साच्याचे कोपरेही नीट भरतात. छापखान्यातले खिळे शिसं, अँटिमनी आणि कथील यांचेच असायचे; आमच्या गिऱ्हाइकांतल्या जुन्या मुद्रकांना हे सांगावं लागत नाही.

आता पाण्याकडे येऊ. चार्जिंग होताना पॉझिटिव्ह प्लेटच्या सांगाड्यातलं अँटिमनी कणाकणाने ॲसिडमध्ये उतरतं आणि निगेटिव्ह प्लेटवर जाऊन बसतं. तिथे ते बसलं की हायड्रोजन सहज सुटू लागतो, म्हणजे पाण्याचं विघटन होऊन ते वायुरूपाने उडून जातं. पूर्वी सांगाड्यात 5 ते 10 टक्के अँटिमनी घालत, तेव्हा पाण्याची कटकट फार होती. आता ट्युब्युलरमध्ये ते दोन-तीन टक्क्यांच्या आसपास असतं. मग काढूनच का टाकत नाहीत? गाडीच्या 'मेंटेनन्स फ्री' बॅटरीत काढलंच आहे, त्याऐवजी कॅल्शियम घालतात. पण लाईट गेल्यावर तीन-तीन तास पंखे ओढून बॅटरी तळापर्यंत उतरवायची आणि पुन्हा भरायची, या कामात अँटिमनीवालीच जास्त टिकते. पाणी घालण्याचा त्रास आहे, पण आमच्या मते तो परवडतो.

तेव्हा एवढं करा. फ्लोट (पाण्याची पातळी दाखवणारी तरंगती खूण) खाली गेला की डिस्टिल्ड वॉटर घाला, शक्यतो बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर. खडकवासल्याचं पाणी चहाला उत्तम, बॅटरीला नाही. आरओचंही नको, त्यात क्षार उरतात. ॲसिड तर कधीच घालू नका, कारण उडतं ते फक्त पाणी. आणि बॅटरी बंद कपाटात कोंडू नका. एका काकूंनी ती देवघराखालच्या कपाटात ठेवली होती, वर समई तेवत होती. हायड्रोजन पेट घेतो. जास्त चार्ज झाली तर स्टिबीन नावाचा अँटिमनीचा विषारी वायूही अगदी थोड्या प्रमाणात सुटू शकतो. गॅलरी बरी, पण पाऊस लागू देऊ नका.

गेल्या काही काळात भाव का वाढले, हेही विचारलं जातं. अँटिमनीचं मुख्य खनिज स्टिबनाइट: करड्या, सुयांसारख्या स्फटिकांचं, गंधकाशी जोडलेलं. जुन्या काळी डोळ्यांत घालायचा सुरमा याचाही करत. आता त्या नावाखाली बऱ्याचदा शिशाचं संयुग विकलं जातं, तेव्हा लहान मुलांना लावूच नका. सर्वांत मोठा उत्पादक चीन. तिथल्या हुनान प्रांतातल्या प्रसिद्ध खाणीचं नाव शीक्वांगशान, म्हणजे 'कथलाच्या खाणीचा डोंगर', कारण सुरुवातीला लोकांना ते कथीलच वाटलं! चीनने 15 सप्टेंबर 2024 पासून निर्यातीवर नियंत्रण आणलं आणि दर भडकले. आपल्याकडे लाहौल-स्पितीत स्टिबनाइट आहे, पण कारखान्यांची भिस्त आयातीवरच. शिवाय मागणी फक्त बॅटरीवाल्यांची नाही. आग लवकर पसरू नये म्हणून वायरच्या आवरणात आणि प्लॅस्टिकमध्येही अँटिमनीचं ऑक्साइड घालतात.

म्हणून जुनी बॅटरी आम्हाला परत द्या. शिसं वितळवून पुन्हा वापरतात, त्याच्यासोबत अँटिमनीही परत मिळतं. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच जायला हवी. गल्लीतल्या भट्टीत नाही. आणताना उभी आणा, बुचं घट्ट लावून. ॲसिड गटारात ओतून रिकामी आणलीत तरी आम्ही एक रुपया जास्त देणार नाही.