स्टॉल आरपीएम कमी येतो : दोष टर्बोचा की टॉर्क कन्व्हर्टरचा?

टर्बो डिझेल इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असलेला ट्रक जागेवरून उचलत नसेल आणि चाचणीत त्याचा स्टॉल आरपीएमही कमी भरत असेल, तर संशय दोन ठिकाणी जातो. एक तर टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात दाबाने हवा भरणारा भाग) पुरेसा दाब देत नसेल, किंवा टॉर्क कन्व्हर्टरमधील (इंजिनची शक्ती तेलाद्वारे गिअरबॉक्सकडे पोहोचवणाऱ्या भागातील) स्टेटरचा वन-वे क्लच, म्हणजे त्याला एकाच दिशेने फिरू देणारा क्लच, घसरत असेल. चालकाला दोन्ही दोष सारखेच जाणवतात आणि टॅकोमीटरवरही सारखेच दिसतात. दुरुस्तीत मात्र मोठा फरक आहे. पहिला दोष कधी कधी इंटरकूलरच्या (टर्बोकडून येणारी गरम हवा थंड करणाऱ्या भागाच्या) होजवरील क्लिप घट्ट करूनही जातो, तर दुसऱ्यासाठी गिअरबॉक्स उतरवून कन्व्हर्टर बदलावा लागतो. म्हणूनच निदानाची घाई येथे परवडत नाही.

येथे ‘स्टॉल’ म्हणजे इंजिन बंद पडणे नव्हे. सिग्नलला थांबताना इंजिन झटका देऊन बंद पडत असेल, तर लॉक-अप क्लच (वेगात असताना इंजिन गिअरबॉक्सला थेट जोडणारा क्लच) न सुटण्याची शक्यता तपासावी. तो वेगळा विषय आहे. गिअर टाकलेला आहे, ब्रेकमुळे चाके जखडलेली आहेत आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला आहे, अशा स्थितीत इंजिन जास्तीत जास्त जितक्या फेऱ्यांपर्यंत पोहोचते, तो स्टॉल आरपीएम होय. त्या क्षणी इंजिनला जोडलेला इंपेलर फिरत असतो, गिअरबॉक्सला जोडलेली टर्बाइन स्थिर असते आणि दोहोंमधला स्टेटर टर्बाइनकडून परतणाऱ्या तेलाची दिशा वळवून ते इंपेलरच्या फिरण्याला साहाय्यक होईल अशा रीतीने सोडतो. या वळणामुळेच जागेवरून निघताना इंजिनचा टॉर्क साधारणपणे दुपटीच्या आसपास वाढून मिळतो. त्यासाठी स्टेटर एका दिशेने जखडलेला राहणे आवश्यक असते आणि ते काम वन-वे क्लच करतो.

हा क्लच घसरू लागला की स्टेटर तेलाबरोबर स्वतःच फिरतो, परतणारे तेल इंपेलरच्या पात्यांवर उलट दिशेने आदळते आणि इंजिन त्या ओझ्याखाली दबते. टॉर्कची वाढ संपते आणि आरपीएमही खाली येतो. दुसरीकडे, कन्व्हर्टर निर्दोष असून इंजिनच अशक्त असेल तरीही आरपीएम खालीच येतो, कारण कन्व्हर्टर शोषून घेतो तो टॉर्क फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. उदाहरणार्थ, निरोगी अवस्थेत २००० आरपीएमवर स्टॉल होणाऱ्या इंजिनाचा टॉर्क ६४ टक्क्यांवर आला, तर स्टॉल १६०० च्या आसपास येईल. टॉर्क निम्मा झाला तर सुमारे १४०० वर. काही सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असा संकेत असतो की, स्टॉल ठरलेल्या आकड्यापेक्षा ६०० आरपीएमहून अधिक खाली असल्यास कन्व्हर्टर सदोष समजावा. टर्बो इंजिनाच्या बाबतीत केवळ या आकड्यावर विसंबणे मला योग्य वाटत नाही, कारण बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा वाढीव दाब, पूर्णपणे हरवल्यास टॉर्क निम्म्यापर्यंत घसरू शकतो आणि केवळ इंजिनच्या दोषामुळेही आकडा त्या सीमेपर्यंत पोहोचतो.

खरा चकवा याच्या पुढे आहे. स्टॉल चाचणी चालू असताना बूस्ट गेजवर नजर टाकली आणि दाब कमी दिसला, की दोष टर्बोचाच असा निष्कर्ष सहज काढला जातो. परंतु टर्बोला फिरवणारी ऊर्जा एक्झॉस्टमधून येते, आणि स्टेटर घसरल्यामुळे इंजिन १४०० आरपीएमवरच दबून राहिले असेल, तर टर्बो निर्दोष असूनही त्याला पुरेसा एक्झॉस्ट मिळतच नाही. म्हणजे कमी बूस्ट हे कमी स्टॉलचे कारण असू शकते, तसाच तो त्याचा परिणामही असू शकतो. जागेवर उभ्या असलेल्या ट्रकमध्ये या दोहोंचा निवाडा होत नाही.

निवाडा रस्त्यावर होतो. स्टेटरची गरज मुख्यतः टर्बाइन इंपेलरपेक्षा बरीच मागे असताना असते. दोहोंचा वेग जवळ आला की निरोगी स्टेटरदेखील मोकळा फिरू लागतो. त्यामुळे वन-वे क्लच घसरणारा ट्रक निघताना मरगळलेला असला, तरी एकदा वेग घेतल्यावर नेहमीसारखा ओढतो. होज फाटलेला, वेस्टगेट (जादा एक्झॉस्ट टर्बोला वगळून सोडणारी झडप) उघडा अडकलेला किंवा एअर फिल्टर चोंदलेला ट्रक मात्र वेगात आणि चढावरही कमी पडतो. तरीही या नियमाला एक महत्त्वाचा अपवाद आहे. व्हेरिएबल जॉमेट्री टर्बोच्या (ज्यात एक्झॉस्टची वाट हलत्या पात्यांनी कमी-जास्त होते अशा टर्बोच्या) पात्या उघड्या स्थितीत अडकल्या, तर कमी फेऱ्यांवर दाब तयार होत नाही आणि जास्त फेऱ्यांवर तो जवळजवळ पुरेसा मिळतो. हे चित्र स्टेटरच्या दोषाशी हुबेहूब जुळते.

म्हणून माझ्या मते सर्वांत विश्वासार्ह कसोटी अशी आहे. भार लादलेला ट्रक वाहतूक नसलेल्या सौम्य चढावर वरच्या गिअरमध्ये, लॉक-अप लागलेल्या अवस्थेत चालवावा आणि इंजिन सदोष स्टॉल आला होता त्याच आरपीएमजवळ आणावे. लॉक-अप लागल्याची खात्री स्कॅनरवर (ट्रकच्या संगणकातील आकडे दाखवणाऱ्या उपकरणावर) करता येते, कारण तेव्हा इंजिनचा आणि टर्बाइनचा वेग एकच दिसतो. मग अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू खोल दाबावा. एकदम तळाशी दाबल्यास अनेक गिअरबॉक्स लॉक-अप सोडून गिअर खाली आणतात. आता इंजिन थेट जोडलेले असल्यामुळे कन्व्हर्टरच्या तेलाचा यात काहीच संबंध उरत नाही. अपेक्षित आणि प्रत्यक्ष बूस्टचे आकडे येथे जुळले आणि ट्रक जोमाने ओढू लागला, तर इंजिन निर्दोष आहे आणि संशय स्टेटरवर स्थिरावतो. आकडे येथेही दूर राहिले, तर गिअरबॉक्सला हात लावण्याचे कारण नाही. होज, इंटरकूलर, टर्बोच्या पात्या हलवणारा अ‍ॅक्च्युएटर आणि इंधनाचा पुरवठा हीच तपासाची दिशा.

काळ्या धुराला मी दुय्यम साक्षीदार मानतो. दाब गळत असताना तो दिसतो खरा, परंतु इलेक्ट्रॉनिक नियंत्रण हवेच्या मानाने इंधन कमी करते आणि एक्झॉस्टमधील फिल्टर काजळी अडवतो, त्यामुळे धूर नसणे हा टर्बो ठीक असल्याचा पुरावा ठरत नाही.

स्टॉल जास्त येत असेल, तर प्रश्न वेगळा आणि तुलनेने सोपा आहे. तेल कमी असते, त्याचा दाब कमी असतो किंवा गिअरबॉक्समधील क्लच घसरत असतात. चाके स्थिर असताना स्कॅनरवर टर्बाइनचा वेग शून्य असला पाहिजे. तो शून्याच्या वर जात असेल, तर घसरण गिअरबॉक्सच्या आत आहे.

स्टॉल चाचणी करताना तेल गरम झालेले असावे, चाकांना अडण्या लावलेल्या असाव्यात, दोन्ही ब्रेक लावलेले असावेत आणि ट्रकच्या पुढे-मागे कोणीही उभे राहू नये. पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर ५ सेकंदांपेक्षा अधिक काळ दाबून ठेवू नये, कारण इंजिनची सारी शक्ती त्या वेळी तेल तापवण्यात जाते. पुन्हा चाचणी करण्याआधी न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवून तेल थंड होऊ द्यावे. अनेक आधुनिक ट्रकमध्ये ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर एकत्र दाबल्यास संगणक इंजिनचा टॉर्क मुद्दाम कमी करतो. अशा ट्रकमध्ये उत्पादकाने सांगितलेल्या पद्धतीशिवाय घेतलेला कमी आकडा ना टर्बोचा दोष दाखवतो, ना कन्व्हर्टरचा.